नांगराला साखळी की दोर?

मेक्सिको देशाच्या पश्चिम अंगाला बाहा कॅलिफोर्निया नावाचे, बोटासारखे लांबच लांब द्वीपकल्प आहे. त्याच्या अगदी टोकाशी काबो सान लुकास हे गाव. १९८२ सालच्या ८ डिसेंबरला या गावापुढच्या उपसागरात शिडाच्या कितीतरी नौका नांगर टाकून उभ्या होत्या. उत्तरेकडून येणाऱ्या नेहमीच्या वाऱ्यापासून या जागेला जमिनीचा आडोसा मिळतो, पण आग्नेयेकडून ती सताड उघडी आहे. त्या रात्री वादळ नेमके तिकडून आले. उजाडले तेव्हा पंचवीसहून अधिक नौका वाळूत कलंडून पडल्या होत्या.

त्यांत एक नौका होती 'जोशुआ'. बर्नार मुआतेसिए हा फ्रेंच नाविक १९६८-६९ मध्ये याच पोलादी नौकेतून एकट्याने, कोठेही न थांबता, पृथ्वीला सुमारे दीड प्रदक्षिणा घालून आला होता. दक्षिणेच्या महासागरातल्या डोंगराएवढ्या लाटांतून सुखरूप निघालेली ही नौका किनाऱ्याजवळ नांगरावर उभी असताना मात्र बळी पडली!

वादळानंतर जाणत्या नाविकांनी किनाऱ्यावर हिंडून पाहणी केली. नौका एकमेकींना खेटून उभ्या होत्या, नांगर घसरले, एक नौका दुसरीवर जाऊन आदळली. हे तर होतेच. पण आणखी एक गोष्ट त्यांना आढळली. ज्यांच्या नांगराला नुसती साखळी होती, त्यांच्यापैकी काहींची साखळी ताठ झाली आणि हिसक्यांनी नाळेवरची, म्हणजे नौकेच्या पुढच्या टोकावरची, अवजारे उखडून निघाली. ज्यांच्या नांगराला दोर होता, त्यांच्यापैकी काहींचे दोर कडेवर घासून तुटले. मग नांगराला बांधावे तरी काय? विद्यार्थी मित्रांनो, या प्रश्नाचे उत्तर तुमच्या भौतिकशास्त्राच्या आणि भूमितीच्या पुस्तकांतच आहे. आपण ते शोधून काढू.

आधी नांगराकडे पाहू. पुष्कळांना वाटते की, नांगर जड असतो म्हणून नौका धरून ठेवतो. फार पूर्वी ते बऱ्याच अंशी खरे होते. भोके पाडलेले मोठे दगड नांगर म्हणून वापरीत. असे दगडी नांगर आपल्याकडे द्वारकेच्या आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या जवळच्या समुद्रात सापडले आहेत. परंतु आजच्या सहा टन वजनाच्या नौकेचा नांगर पंधरा-वीस किलोग्रॅमचा असतो. एवढासा लोखंडाचा तुकडा सहा टनांना वजनाने काय अडवणार? तो अडवतो रुतून. त्याचे पाते तळाच्या वाळूत किंवा चिखलात घुसते आणि ओढ जितकी वाढेल तितके आणखी खोल जाते. चांगला रुतलेला नांगर स्वतःच्या वजनाच्या वीसपट, तीसपट ओढसुद्धा सहन करतो.

आपल्या भाषेने हे रहस्य आधीच ओळखले आहे असे म्हणायला हरकत नाही. शेतातला तो नांगर आणि समुद्रातला तोही नांगरच! गंमत अशी की, १९३३ साली जेफ्री इन्ग्रॅम टेलर या ब्रिटिश शास्त्रज्ञाने खरोखरच शेतातल्या नांगराच्या फाळासारखा नौकेचा नांगर तयार केला. टेलर हे द्रवपदार्थांच्या गतीविषयीच्या संशोधनासाठी जगप्रसिद्ध. बूलच्या बीजगणितातले जॉर्ज बूल हे त्यांच्या आईचे वडील. स्वतःच्या शिडाच्या नौकेसाठी हलका पण पक्का नांगर हवा म्हणून त्यांनी या प्रश्नात डोके घातले. त्यांचा तो नांगर 'सीक्यूआर' या नावाने अजून अनेक नौकांवर दिसतो. ही तीन अक्षरे इंग्रजीत भराभर उच्चारून पाहा, म्हणजे नाव कशावरून पडले ते कळेल.

आता मुद्दा असा की, शेतकरी नांगर रुतवायचा असेल तेव्हा काय करतो? बैल त्याला आडवे ओढतात. फाळ बाहेर काढायचा असेल तेव्हा नांगर वर उचलावा लागतो. समुद्रातही तसेच आहे. ओढ तळाला समांतर असेल तर नांगर रुततो; ओढीची दिशा वर वळू लागली की त्याची पकड कमी होते, आणि आठ-दहा अंशांपलीकडे तर झपाट्याने घटते. म्हणजे साखळी असो वा दोर, त्याचे पहिले काम एकच: नौका वर तरंगत असली तरी नांगराला मात्र आडवे ओढायचे.

दोराची गोष्ट सोपी आहे. नायलॉनची घनता सुमारे १.१४ आणि समुद्राच्या पाण्याची १.०२५. तेव्हा पाण्यात नायलॉनच्या दोराचे वजन जवळजवळ एकदशांशच उरते. वारा वाहू लागला की असा दोर नाळेपासून नांगरापर्यंत सरळ रेषेत ताणला जातो. समजा, पाणी ५ मीटर खोल आहे आणि नाळ पाण्यापासून १ मीटर उंच आहे. एकूण उंची ६ मीटर. दोर १८ मीटर, म्हणजे तिप्पट सोडला, तर तळाशी कोन होतो सुमारे साडेएकोणीस अंश. पाचपट सोडला तर साडेअकरा. सातपट सोडला तर आठ. (काटकोन त्रिकोण काढून 'साइन'च्या कोष्टकावरून पडताळून पाहा.) दोरासाठी 'सातपट' हा नाविकांचा जुना ठोकताळा कोठून आला ते येथे कळते.

साखळी सरळ राहत नाही. ती स्वतःच्या वजनाने झोळ धरते. दोन टोकांना धरलेली साखळी कोणता वक्र घेते, या प्रश्नाने सतराव्या शतकातल्या मोठमोठ्या गणित्यांना झुलवले आहे. गॅलिलिओने या वक्राची तुलना अन्वस्ताशी, म्हणजे पॅराबोलाशी केली होती. ती जवळपास जुळते, पण तंतोतंत नाही. १६९० साली याकोब बेर्नुली यांनी हे कोडे जाहीरपणे मांडले आणि १६९१ मध्ये हॉयगेन्स, लायब्निझ आणि याकोबचा धाकटा भाऊ योहान बेर्नुली अशा तिघांची उत्तरे प्रसिद्ध झाली. या वक्राचे 'कॅटिनरी' हे नाव साखळी या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आले आहे.

आपल्याला कॅटिनरीचे समीकरण नको आहे. आपला प्रश्न एवढाच: किती साखळी सोडली म्हणजे तिचा खालचा शेवट तळाला टेकलेला राहील आणि नांगराला आडवी ओढ मिळेल? याला पायथागोरसचा सिद्धांत पुरतो.

नौकेला वारा ज्या आडव्या बलाने ढकलतो ते 'ब' म्हणू. साखळी तळाला जेथे टेकते तेथे तिच्यातला ताण फक्त ब एवढा आणि आडवा असतो. तेथून नाळेपर्यंत लोंबणाऱ्या साखळीची लांबी 'ल', दर मीटरचे पाण्यातले वजन 'व', आणि तळापासून नाळेची उंची 'उ'. लोंबत्या साखळीचे सारे वजन, म्हणजे व × ल, नाळेने उचललेले असते. म्हणून नाळेपाशी साखळीतल्या ताणाचा आडवा भाग ब आणि उभा भाग व × ल. एकूण ताण हा त्यांचा कर्ण.

हाच ताण आणखी एका मार्गाने काढता येतो. अशी कल्पना करा की, सगळी साखळी तिच्या स्वतःच्याच वळणावरून एक सेंटीमीटर वर सरकवली. आकार तोच राहिला. बदल इतकाच की, तळाशी असलेला एक सेंटीमीटरचा तुकडा जणू नाळेपाशी जाऊन बसला. त्याला उ इतके उचलण्याचे कार्य कोणी केले? दोन टोकांच्या ताणांतल्या फरकाने! तेव्हा हा फरक व × उ एवढाच असला पाहिजे. म्हणजे नाळेपाशी ताण = ब + व × उ. आता (ब + व × उ) चा वर्ग = ब चा वर्ग + (व × ल) चा वर्ग असे मांडा आणि सोडवा. उत्तर येते:

ल चा वर्ग = उ चा वर्ग + २ × उ × ब ÷ व

एवढ्याशा सूत्रात बरेच काही दडले आहे. १० मिलिमीटर जाडीच्या पोलादी साखळीचे वजन दर मीटरला सुमारे २.३ किलोग्रॅम असते. आर्किमीडीजच्या तत्त्वाप्रमाणे पाण्यात त्यातले सुमारे आठवा हिस्सा घटून २ किलोग्रॅम उरते. वाऱ्याच्या बलासाठी असे धरू की, सुमारे दहा-बारा मीटर लांबीच्या आपल्या नौकेचा १० चौरस मीटर भाग वाऱ्याला तोंड देतो. ताशी ३६ किलोमीटरच्या वाऱ्यात तिच्यावर ढोबळमानाने ६० किलोग्रॅम-भार इतकी ओढ येते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की ओढ चौपट होते, कारण बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणजे ताशी ७२ किलोमीटरला २४० आणि ताशी १०८ किलोमीटरला ५४०.

हे आकडे सूत्रात घाला. उंची तीच, ६ मीटर. पहिल्या वाऱ्यात २० मीटर साखळी पुरते, दुसऱ्यात ३८ मीटर लागते, तिसऱ्यात ५७. उंचीच्या पटीत सांगायचे तर सव्वातीनपट, साडेसहापट आणि साडेनऊपट! 'साखळीला तिप्पट पुरे' हा ठोकताळा जुन्या नाविकांकडून ऐकू येतो, आणि सुखाच्या दिवशी तो खराही ठरतो. वादळाच्या रात्री त्यावर विसंबून राहणे मला तरी धोक्याचे वाटते.

खोली बदलून पाहिली तर आणखी आश्चर्य. पाणी २५ मीटर खोल, म्हणजे उंची २६ मीटर असेल, तर २४० किलोग्रॅम-भाराला ८३ मीटर साखळी लागते. पण हे फक्त सव्वातीनपटच झाले! साखळीला खोल पाणी मानवते, उथळ पाणी मानवत नाही. नौका मात्र आपण बहुधा उथळ पाण्यातच नांगरतो. शिवाय आपल्याकडे भरती-ओहोटी आहे. मुंबईला उधाणाच्या दिवसांत पाण्याची पातळी चार-पाच मीटरनी चढते-उतरते. ओहोटीला २ मीटर पाण्यात सातपट दोर सोडून कोणी निर्धास्त झोपला, तर भरतीला तोच दोर तिप्पटही भरणार नाही. हिशेब नेहमी भरतीचा करायचा.

आतापर्यंत आपण स्थिर ओढीचा विचार केला. पण काबो सान लुकासला नौका मोडल्या त्या हिसक्यांनी. लाट आली की नौका मागे ढकलली जाते, तिला वेग येतो, आणि मग साखळी किंवा दोर तिला थांबवतो. सहा टनांची नौका सेकंदाला १ मीटर वेगाने, म्हणजे आपण रमतगमत चालतो तशी, मागे जात आहे असे समजा. तिची गतिज ऊर्जा होते ३००० ज्यूल. ती थांबवायला दीड मीटर अंतर मिळाले तर सरासरी २०० किलोग्रॅम-भार बल पुरते. पण चारच सेंटीमीटरात थांबवायची झाली तर? साडेसात टन! आपल्या १० मिलिमीटर साखळीची तुटण्याची मर्यादा पाच टनांच्या आसपास असते. आणि साखळीच्या आधी तिला धरून ठेवणारे नाळेवरचे बोल्ट निघतात.

साखळीत लवचीकपणा नाही का? आहे, पण तो पोलादात नाही, झोळात आहे. नौका मागे सरते तशी साखळी तळावरून उचलली जाते, तिचे वजन स्प्रिंगसारखे काम करते. ही स्प्रिंग किती काम देते ते मी मोजून पाहिले. ६ मीटर उंची आणि ६० मीटर साखळी सोडलेली. अगदी वारा नसताना साखळी तळावर पसरून नाळेखाली सरळ उभी असते. तेथून ६० किलोग्रॅम-भाराच्या वाऱ्यापर्यंत नौका जवळजवळ पावणेपाच मीटर मागे सरते. छान स्प्रिंग! पुढे ६० पासून २४० पर्यंत ओढ वाढली तर नौका किती सरावी? फक्त ६० सेंटीमीटर. आणि २४० पासून ५४० पर्यंत? अवघे २० सेंटीमीटर! या शेवटच्या टप्प्यात साखळी सुमारे ८० किलोग्रॅम-मीटर ऊर्जा पचवते, आणि आपल्या नौकेची ऊर्जा आहे सुमारे ३००. उरलेली कोठे जाणार? साखळी काठीसारखी ताठ होते, आणि मग जो दणका बसतो तो नाळेला नि नांगराला. झुळुकीत जी साखळी मऊ गादीसारखी वाटते, तीच तुफानात, नेमक्या गरजेच्या वेळी, लोखंडी गज होते.

दोराचे अगदी उलट. झोळ नाही, पण अंगचा ताण आहे. कोकणातल्या खलाशांना हे नायलॉनच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होते. नारळाच्या काथ्याचा जाड सोल पुष्कळ ताणतो आणि पाण्यावर तरंगतो. मोठमोठी जहाजे ओढताना हिसके बसू नयेत म्हणून परदेशी बोटीसुद्धा काथ्याचे दोरखंड बाळगीत. १९३५ साली अमेरिकेत वॉलेस कॅरोदर्स यांच्या प्रयोगशाळेत नायलॉन तयार झाले आणि काथ्याचा हा गुण कितीतरी अधिक मजबुतीसह मिळाला. तीन पेडांचा १२ मिलिमीटर नायलॉनचा दोर सुमारे तीन टनांपर्यंत तुटत नाही, आणि ५४० किलोग्रॅम-भाराला १० मीटर दोर ढोबळमानाने एक मीटर लांबतो. साखळीचे ते २० सेंटीमीटर आठवा! (मासेमारीच्या बंदरांत दिसणारे निळे-हिरवे दोर मात्र बहुधा पॉलिप्रोपिलीन किंवा पॉलिएथिलीनचे असतात. ते पाण्याहून हलके, म्हणून तरंगतात आणि दुसऱ्या नौकेच्या पंख्यात अडकतात. नांगरासाठी ते बरे नव्हेत.)

मग नुसता नायलॉनचा दोरच का वापरू नये? कारण दोराचा वैरी आहे खडक. पोवळ्याच्या धारेवर किंवा शिंपल्यांनी भरलेल्या दगडावर दोर एका रात्रीत कापला जातो; आणि तो ताणतो म्हणूनच नाळेच्या कडेवरही पुढे-मागे करवतीसारखा घासतो. साखळीला दगडाची भीती नाही. हे फार जुने ज्ञान आहे. इसवी सनापूर्वी ५६ मध्ये ज्युलियस सीझर आजच्या फ्रान्सच्या खडकाळ किनाऱ्यावर व्हेनेटी नावाच्या दर्यावर्दी लोकांशी लढला. हे लोक नांगराला दोराऐवजी लोखंडी साखळ्या बांधतात, असे त्याने नोंदवून ठेवले आहे. पुढे मात्र कित्येक शतके मोठ्या जहाजांवर तागाचे, माणसाच्या मांडीएवढे जाड दोरखंडच होते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटिश आरमारातील सॅम्युएल ब्राऊन या अधिकाऱ्याने लोखंडी साखळ्यांचा प्रसार केला. त्यांच्यावर त्याचा इतका विश्वास होता की, १८२० साली त्याने ट्वीड नदीवर लोखंडी कड्यांनी टांगलेला युनियन पूल बांधला. तो आजही उभा आहे.

साखळीची खोड म्हणजे वजन. ६० मीटर साखळी भरते १३८ किलोग्रॅम, म्हणजे दोन माणसे कायमची नाळेवर बसवल्यासारखेच. तेवढाच नायलॉनचा दोर साडेपाच किलोग्रॅमही भरत नाही.

तेव्हा शहाणे नाविक दोन्ही वापरतात. छोट्या होडीला नांगराजवळ पाच-दहा मीटर साखळी आणि पुढे सगळा नायलॉनचा दोर: तळाशी घासायला लोखंड, वर ताणायला नायलॉन. महिनोन् महिने नांगरावर राहणाऱ्या मोठ्या नौकेला सगळी साखळीच. पण नौका नांगरून झाल्यावर एक आठ-दहा मीटरचा नायलॉनचा दोर आकड्याने साखळीत अडकवायचा, त्याचे दुसरे टोक नाळेला बांधायचे आणि मधली साखळी सैल सोडायची. आता हिसका दोर खातो. दोर तुटलाच तर साखळी आहेच. मला विचाराल तर हीच व्यवस्था सर्वांत चांगली. मात्र तो दोर कडेवर जेथे टेकतो तेथे जुन्या नळीचे किंवा कातड्याचे वेष्टन हवे. आणि ताणलेल्या नायलॉनच्या दोराच्या रेषेत कधीही उभे राहायचे नाही. तो तुटला की चाबकासारखा उलटतो.

'जोशुआ'चे पुढे काय झाले? मुआतेसिए वाचला, पण वाळूत रुतलेली आणि मोडलेली नौका त्याने दोन तरुणांना देऊन टाकली. त्यांनी ती बाहेर काढली, दुरुस्त केली. आज ती फ्रान्समध्ये ला रोशेल येथील सागरी संग्रहालयात, पाण्यावर तरंगत आहे.

आता एक प्रयोग. तुमच्या शाळेत लांब उडीचा वाळूचा खड्डा असेल. त्यातली वाळू ओली करा. बागकामाची छोटी कुदळ घ्या, दांड्याच्या टोकाला तीन मीटर दोरी बांधा आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला भंगारवाल्याकडे असतो तसा ताणकाटा अडकवा. कुदळीचे पाते खाली करून ती वाळूवर ठेवा. काटा जमिनीलगत धरून सावकाश ओढा. कुदळ रुतत जाईल. ती घसरू लागते तेव्हाचा आकडा लिहून ठेवा. मग काटा गुडघ्याएवढा उंच धरून, नंतर कमरेएवढा उंच धरून हेच करा. शेवटी कुदळ आणि दोरी यांच्या मध्ये एक मीटर जाड साखळी बांधा आणि पुन्हा कमरेच्या उंचीवरून ओढा. प्रथम हळूहळू ओढा आणि साखळीची किती कडी अजून वाळूवर टेकलेली आहेत ते सोबत्याला मोजायला सांगा. शेवटचे कडे उचलले जाते त्या क्षणी काट्यावर काय दिसते, तेही टिपून घ्या.